साखराबाईचे दोरे

यंदा झेंडू रानातच व्यापाऱ्याला देऊन टाकला, त्याचं तुला नवल वाटलं ना, दैवशाला? धावड्याहून आलीस तशी तेच धरून बसलीस. बाई, एवढी फुलं आली अन् जालन्याला नेऊन विकायची सोडून व्यापाऱ्याच्या घशात काहून घातली? आता लाइट गेलीच हाये, ही बॅटरी बी मिणमिणून राह्यली, तर ऐक. फक्त हळू बोल. अक्षता आत पडलीये. पण ती झोपलेली हाये का जागी, हे मला तिच्या आईला बी आता सांगता येत न्हाई.

मागच्या दिवाळीची गोष्ट. मी, तुझे दाजी अन् अक्षता, आम्ही तिघं टेम्पोत फुलं घालून जालन्याला गेल्तो. कॉलेजला सुट्टी होती. अक्षता म्हणली, मम्मी, गिऱ्हाईक आता मोबाइलवर पैसे देतं, तुला ते जमायचं न्हाई, मी येते. खरंच जमत न्हाई मला. म्हणून तिला नेलं. तिला काही बाजाराची हौस न्हवती, माझे हाल होऊ नयेत म्हणून आल्ती बिचारी.

गांधी चमनच्या अलीकडं रस्त्याच्या दोन्ही कडंला दिवाळीचा बाजार भरतो, तुला माहीतच हाये. पणत्या, बोळकी, लाह्या-बत्तासे, केरसुण्या, ऊस, आंब्याचे डहाळे. आमच्यासारखे फुलवाले तर पायलीला पन्नास. टेम्पो आत येऊ देत न्हाईत, म्हणून तुझे दाजी पार धान्याच्या मोंढ्याकडं टेम्पो लावून तिथंच बसले. आम्ही मायलेकींनी फुटपाथवर ताडपत्री टाकली अन् ढीग लावला.

दोन दिवस बसून बसून कंबर धरली होती. आदल्या रात्री तिथंच फुलांच्या शेजारी पडलो. डास, फटाक्याचा धूर, नालीचा वास. अन् गिऱ्हाईक कसं, सोन्याच्या दुकानात मुकाट्यानं पैसे मोजून आलेलं, आमच्यापुढं मात्र वाघ. फूल हातात घ्यायचं, वास घ्यायचा, दोन पाकळ्या तोडून खाली टाकायच्या अन् म्हणायचं, शिळं दिसतंय. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी दुपारपर्यंत मी बोलायची बंद झाल्ते. कोणी भाव विचारला की नुसती बोटं दाखवायची. भाव तर सकाळपासून घसरूनच राह्यला होता.

आमच्या शेजारची जागा सकाळी रिकामी होती. एवढ्या गर्दीत, जिथं पाय ठेवायला जागा न्हाई तिथं, एक घोंगडी मावंल एवढी जागा कोणी धरली न्हवती. मला वाटलं, कोणाची ठरलेली असंल. दुपारी वळून पाहते तर तिथं एक म्हातारी बसलेली. काळं लुगडं, हातात चांदीची कडी, पुढं घोंगडीचा एक तुकडा हातरलेला अन् त्याच्यावर काळ्या लोकरीचे दोरे. आपल्या आज्ज्याकडं मेंढरं होती तव्हा आज्जी वळायची बघ, तसे. कमरंचा करगोटा न्हाई, पातळ, मनगटाला बांधायचे.

मला बरं वाटलं. आपलंच माणूस. मी विचारलं, "मावशी, हे दोरे आता कोण घेतं?"

"घेत्यात की," ती म्हणली. "ज्याला लागतो तो घेतो."

"आमची आज्जी मेंढराला बांधायची."

"बराबर. दोरा बांधलेलं जितराब वाट चुकत न्हाई. कुठं बी राह्यलं, आपल्या गावाला येतं." एवढं बोलून ती माझ्याकडं न बघता अक्षताकडं बघत राह्यली.

तिचं नाव साखराबाई, हे मला नंतर कळलं. तिच्याकडं एक बी गिऱ्हाईक थांबत न्हवतं. लोक घोंगडीला वळसा घालून जात होते, पण खाली बघत न्हवते. मी माझ्याच व्यापात होते. ऊन कलायला लागलं, गर्दी पातळ झाली. तव्हा म्हातारी उठली. माझ्यापुढून गेली अन् अक्षतापुढं वाकली.

"माय, जरा माल बघतीस का गं? आत्ता येते."

आता बाजारात हे चालतंच. कोणाला पाणी प्यायला जायचं असतं, कोणाला अडचण असती. शेजाऱ्याला माल सांभाळायला सांगायचा, त्यानं हो म्हणायचं. अन् एकदा हो म्हणलं की मालक येईपर्यंत त्या मालाजवळून हलायचं न्हाई, मंग पाऊस येवो का पोलीस येवो. ज्या बाईनं हो म्हणून माल सोडला, तिच्या शेजारी पुढच्या बाजारी कोणी बसत न्हाई. अक्षताला हे मीच शिकवलं होतं, आदल्या दिवशी.

"हो आजी, बघते," अक्षता म्हणली. अन् सरकून त्या घोंगडीमागं जाऊन बसली.

म्हातारी मोकळ्या हातांनी चालत गेली. घाईत न्हाई, पण रमत बी न्हाई. मला आठवतं, ती मागं वळली न्हाई. माल सोडून जाणारी बाई एकदा तरी वळून बघतीच बघती.

दिवेलागण झाली. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी हा बाजार एकदम मरतो, दैवशाला. तू कधी तेवढ्या वेळेपर्यंत थांबली नसशील. सगळ्यांना घरी पूजेला जायचं असतं. जी गर्दी दुपारी अंगावर येती, ती घटकाभरात गायब होती. रस्त्यावर नुसता तुडवलेला झेंडू, उसाची पाचटं, कागद. फुलवाले उरलेला माल तिथंच ओतून देतात, कारण उद्या त्याला कोणी विचारत न्हाई. आजूबाजूच्या घरांत आरत्या चालू, दुकानांत दिवे, अन् रस्ता मात्र ओस. तुडवलेल्या झेंडूला एक कडू, ओला वास येतो. मयताच्या घरी येतो ना, तोच.

तुझे दाजी फोनवर फोन करून राह्यले होते, जल्दी आवरा, घरी लक्ष्मी खोळंबलीये. मी ताडपत्री झटकायला घेतली अन् हाक मारली, "अक्षता, म्हातारी आली का गं?"

मी वळून पाह्यलं.

ती दोरा बांधून राह्यली होती. घोंगडीवरून एक दोरा उचलला, पुढं वाकली, अन् दोन्ही हातांनी हवेत गाठ मारली. नीट, मनगटाभोवती मारतात तशी. तिच्यापुढं कोणी न्हवतं. मंग तिनं दुसरा दोरा उचलला, मान वर केली अन् विचारलं, "गाव कोणतं म्हणलात?"

थांबली. ऐकलं. अन् पुढं वाकून गाठ मारली.

मला वाटलं, उन्हानं डोस्कं फिरलं पोरीचं. दोन दिवस धड जेवली न्हवती. मी जवळ गेले. "काय करून राह्यलीस गं? कोण हाये इथं?"

"गिऱ्हाईक हाये, मम्मी. मधी उभी राहू नको." माझ्याकडं न बघताच बोलली. मंग एकदम बारीक आवाजात... "मम्मी, ह्यांचे हात लई गार हायेत."

दोरा गाठ मारून सोडला की खाली पडायला पाहिजे ना? पडत न्हवता. मी डोळे फाडून पाह्यलं. गाठ बसायची अन् दोरा दिसायचाच बंद व्हायचा.

रस्त्यापलीकडं एक नारळवाला पोती बांधून राह्यला होता. मल्हारी नाव त्याचं, जांब समर्थचा, दोन दिवसांत तेवढी ओळख झाल्ती. त्यानं माझ्याकडं पाह्यलं अन् हातातलं पोतं खाली ठेवलं. रस्ता ओलांडून आला, पण घोंगडीपासून लांबच उभा राह्यला.

"बाई, पोरगी त्या जागंवर काहून बसली?"

"एक म्हातारी माल सांभाळायला सांगून गेली. लोकरीचे दोरे विकती ती."

त्याचं तोंड उतरलं. "पोरगी हो म्हणली का?"

"म्हणली."

तो खाली बसला. म्हणला, "ती साखराबाई. मागच्या लक्ष्मीपूजनाला, ह्याच वक्ताला, बसल्या जागी गेली. आम्हाला वाटलं डुलकी लागलीये. तिला रिक्षात मीच घातलं, बाई. तिचं कोणी आलं न्हाई. दोरे घोंगडीत गुंडाळून मीच त्या भिंतीच्या कडंला ठेवले... पावसाळ्यात ते वाहून गेले. हे मी माझ्या डोळ्यांनी पाह्यलं."

मी पुढचं ऐकलंच न्हाई. अक्षताच्या दंडाला धरून ओढलं. दैवशाला, मी फुलांनी भरलेलं कॅरेट एकटी उचलून टेम्पोत टाकणारी बाई. अन् ती एवढीशी पोर, वारं आलं तर उडंल अशी. ती हलली न्हाई. दोन्ही हातांनी ओढलं, मल्हारीनं बी मागून धरलं. जमिनीत पुरलेल्या खांबाला धरावं तसं झालं. तिचा दंड गार पडत चालला होता, अन् ती आमच्याकडं लक्ष न देता पुढच्याला विचारून राह्यली होती, "गाव कोणतं?"

"अक्षता, ऊठ माय. पप्पा वाट पाहून राह्यलेत. घरी जायचंय ना आपल्याला?"

"मी हो म्हणले, मम्मी. माल हाये तव्हर उठता येत न्हाई."

मी रडायलाच लागले. पण रडता रडता तिचं ते बोलणं माझ्या डोक्यात बसलं. माल हाये तव्हर. मी जन्मभर बाजार केलेली बाई, मला एवढं कळतं. माल संपला की राखण बी संपली. मी घोंगडीपुढं फतकल मारून बसले, उजवा हात पुढं केला अन् म्हणले, "सगळा माल मला दे."

अक्षतानं माझ्या तोंडाकडं पाह्यलं न्हाई. हाताकडं पाह्यलं. परक्याला विचारावं तसं विचारलं, "गाव कोणतं?"

"हसनाबाद."

तिनं दोरा बांधला. बोटं बर्फासारखी होती. मी हात मागं घेतला न्हाई. तिनं दुसरा उचलला. "गाव कोणतं?"

"अगं, हसनाबाद. तुझं अन् माझं हसनाबाद."

तिसरा. चौथा. प्रत्येक दोऱ्याला ती नव्यानं विचारायची. मी तिची आई हाये, हे तिला कुठंच दिसत न्हवतं. मनगट भरलं, मंग कोपरापर्यंत हात भरला. डोळ्यांतून पाणी गळत होतं अन् तोंडानं मी गावाचं नाव सांगत होते. शेवटची गाठ बसली अन् घोंगडी रिकामी झाली. अक्षतानं हात झटकले, उठून उभी राह्यली अन् म्हणली, "मम्मी, पाय लई दुखून राह्यलेत गं."

मी तिला पोटाशी धरलं. ताडपत्री सोडली, उरलेली फुलं सोडली. घोंगडीवर हातातल्या सगळ्या नोटा ठेवल्या अन् चालायला लागले. मल्हारी आमच्या संगं मोंढ्यापर्यंत आला. निघताना मी एकदाच मागं पाह्यलं, ते पाहायला नको होतं. इतका वेळ ओस दिसणारा तो रस्ता भरलेला होता. घोंगडीपासून पार चौकापर्यंत माणसं उभी होती, एकामागं एक, कोणी ढकलत न्हाई, कोणी बोलत न्हाई. अशी शिस्तीची लाइन मी जालन्यात कधी पाह्यली न्हाई. सगळ्यांचा एक एक हात पुढं केलेला होता, अन् सगळी माझ्याकडं बघत होती. मी त्यांचा माल घेऊन निघाल्ते ना.

घरी आल्यावर दोरे कापायला विळा घेतला, पण हात धजला न्हाई. आज्जी म्हणायची, जितराबाला बांधलेला दोरा कापायचा नसतो. तुझ्या दाजींना सगळं सांगितलं. ते म्हणले, तू दमली होतीस, पोरगी उपाशी होती, तुम्हाला भास झाला. दोऱ्यांचं काय, ते म्हातारीकडून घेतले असशील. मला बी तसंच वाटायला पाहिजे होतं. माणसाला दमल्यावर काय बी दिसतं.

पाडव्यानंतर कापूस वेचायला गेल्ते. भर दुपार होती, रानात चिटपाखरू न्हाई. ओळीच्या टोकाला एक बाप्या येऊन उभा राह्यला. कपडे ओले, डोक्याला पट्टी. हात पुढं केला अन् म्हणला, "जाफराबाद." मी वटीतला कापूस तसाच सोडला, मनगटावरचा दोरा सोडला अन् त्याच्या हाताला बांधला. पुढं मी काही केलं न्हाई, त्यानं काही मागितलं न्हाई. तो जाफराबादच्या वाटंनं चालायला लागला.

मंग येतच राह्यले. दर दुपारी न्हाई, कधी बी. दवाखान्यातला कपडा अंगावर असलेली एक बाळंतीण. हातात कोयता घेतलेला एक ऊसतोड्या, तो रडत होता. हेल्मेट घातलेलं एक पोरगं, त्यानं ते काढलं न्हाई. जे बाहेरच्या बाहेर गेले, ज्यांना घरची वाट सापडली न्हाई, ते. सगळ्यांना मी दोरे बांधले. खरं सांगू, भ्यायची ताकद बी राह्यली न्हाई मंग. भांडी घासावीत तसं ते एक काम झालं. हात हळूहळू मोकळा होत गेला, तसं मला वाटायचं, आता हे संपंल.

पण अक्षता, दैवशाला. अक्षता बरी झाली न्हाई. बोलती, जेवती, कॉलेजला जाती. पण दिवेलागणीला कॉलेजची बॅग खांद्याला अडकवती अन् दारात जाऊन उभी राहती. मी म्हणते, काय गं? तर म्हणती, मम्मी, घरी कधी जायचं? आपल्या दारात उभं राहून. पहिल्यांदा मी हसण्यावारी नेलं. आता वर्ष होत आलं, एक दिवस खाडा न्हाई. भोकरदनच्या डॉक्टरला दाखवलं. म्हणला, रक्त कमी हाये, लोखंडाच्या गोळ्या द्या.

मला उशिरा उमजलं. तिनं सगळ्यांना दोरे बांधले, मला बांधले, स्वतःला बांधलाच न्हाई. ती तिथून उठली, पण पोचली न्हाई. म्हणून मी शेवटचा दोरा धरून ठेवला. हा बघ, हा एकच उरलाय. मागच्या आठवड्यात एक म्हातारा आल्ता, चार दिवस बांधाला उभा होता हात पुढं करून. मी त्याला दिला न्हाई. पाप लागंल तर लागो, माझ्या लेकराच्या वाटणीचा दोरा हाये तो.

काल दुपारी तिला ओसरीवर समोर बसवलं. शेंगा फोडून राह्यली होती. हा दोरा हातात घेतला, तिचं मनगट धरलं. आता विचारल्याशिवाय बांधायचा कसा? सगळ्यांनी आपापलं गाव सांगितलं तव्हाच बांधलेला. मला वाटलं, सोपं हाये, हसनाबाद म्हणंल अन् मी गाठ मारीन, अन् माझी लेक घरी येईल. मी विचारलं, "गाव कोणतं, बाळा?"

तिनं शेंगा खाली ठेवल्या. तोंडावर असं हसू आलं, वर्षभरात पाह्यलं न्हवतं मी.

"बोरनिंबी."

"कोणतं बोरनिंबी?"

"असं काय करतीस, मम्मी? नदीच्या पलीकडचं. दारात चिंच हाये, मागं मेंढरांचा वाडा. दोरेवाली आजी पाणी तापवून बसली असंल." मला ओळखीच्या घराबद्दल सांगावं तसं सांगत होती.

मी हात सोडला. रात्री तुझ्या दाजींना विचारलं, सकाळी ग्रामपंचायतीत विचारलं, एसटीच्या कंडक्टरला विचारलं. ह्या नावाचं गाव कोणी ऐकलेलं न्हाई. तुमच्या धावड्याच्या अंगाला हाये का गं? डोंगरात कुठं? न्हाई ना. मला वाटलंच.

बांधला तर ती जाईल. ज्यांना ज्यांना बांधला, ते सगळे सांगितलेल्या गावाला गेलेत, एक बी चुकला न्हाई. अन् न बांधावा, तर आज दिवेलागणीला ती दारात गेली न्हाई. तू आलीस तव्हा मी चुलीपाशी होते ना, तव्हाच ती माझ्याजवळ येऊन बसली. बॅग भरलेली होती. माझ्या गळ्यात हात टाकला अन् लाडात म्हणली, "मम्मी, एकटीला भ्या वाटतं गं. तू येशील ना मला सोडायला?"